फॅट किती लागली?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही दूध संस्थेच्या दारात सकाळी सहाला उभं राहिलं की एकच प्रश्न कानावर पडतो : "फॅट किती लागली?" विचारणाऱ्याच्या डोक्याला मफलर, हातात रिकामी किटली आणि चेहऱ्यावर दहावीच्या निकालाची धाकधूक. आतून आकडा येतो, सात पूर्णांक दोन. माणूस खुलतो, शेजारच्याला चहाला चल म्हणतो. दुसऱ्याला आकडा येतो, पाच पूर्णांक नऊ. तो आधी यंत्राकडे बघतो, मग सचिवाकडे बघतो आणि घरी जाऊन म्हशीकडे बघतो. म्हैस त्याच्याकडे बघत नाही.

म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ या पायावर ठरतो. एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट वगळून उरतं ते. पायाच्या वर गेलं की पॉइंटामागे पैसे वाढतात, खाली आलं की कापले जातात. 'गोकुळ' दूध संघ १९६३ साली उभा राहिला. तेव्हापासूनच्या पिढ्यांना हे गणित शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं येतं. बाकी महाराष्ट्राच्या कानावर 'फॅट' हा शब्द जिममधून किंवा दवाखान्यातून पडला असेल. इथे तो गोठ्यातून घरात आला, आणि आला तो पैसे घेऊनच. त्यामुळे कोल्हापुरात फॅट नुसती 'असत' नाही, ती 'लागते', लॉटरी लागावी तशी.

अशा गावात अंगातली फॅट मोजायचा चिमटा कुरिअरने येतो, तेव्हा काय होतं?

कसबा बावड्यातल्या एका घरात तो आला. घराच्या मागे दोन म्हशी, समोर मोटारसायकल आणि मालकाचं उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप. मालकाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. उद्यमनगरात "ओ मिस्त्री" अशी हाक मारली तर शंभर जण वळून बघतात, त्यातलेच ते एक. वय ४५, उंची पाच फूट सात इंच, वजन ७० किलो. कारखान्याच्या आरोग्य शिबिरात एका तरुण डॉक्टरने त्यांच्या पोटाकडे बघून सांगितलं होतं, "काका, वजन फार नाही तुमचं. पण फॅट किती आहे ते एकदा मोजून घ्या." मिस्त्रींना त्यातला पहिला अर्धा भाग ऐकू आला आणि ते खुशीत घरी आले. दुसरा अर्धा भाग त्यांच्या मुलीने फाइलमध्ये वाचला आणि मोबाइलवरून चिमटा मागवला.

वजन आणि उंचीवरून माणूस जाड की बारीक हे सांगायचा जो आकडा आहे, ज्याला सगळे बीएमआय म्हणतात, त्याचं गणित १८३०च्या दशकात अडोल्फ केटले या बेल्जियन माणसाने मांडलं. केटले मुळात खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रातला. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. बावड्यातल्या एखाद्या मिस्त्रीचं पोट त्याच्या हिशेबात कधीच नव्हतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर अॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ साली दिलं. मिस्त्रींचा आकडा निघतो साधारण २४. जगाच्या तक्त्यात पंचविसापर्यंत चालतं, म्हणजे ते पास. भारतीयांसाठी डॉक्टरांनी ही रेघ २३वर आणली आहे, म्हणजे नापास. एकाच पेपरात एका बोर्डात पास आणि दुसऱ्या बोर्डात नापास झालेल्या माणसाने पुनर्तपासणी मागितली तर त्यात गैर काय?

खोकं उघडलं. आत प्लास्टिकचा एक पांढरा चिमटा, त्यावर मिलिमीटरच्या खुणा, सोबत बारीक अक्षरातला एक तक्ता. मिस्त्रींच्या आईंनी तो उलटसुलट करून बघितला. "सांडशी हाय व्हय? लईच नाजूक हाय की. दुधाचं पातेलं कसं उचलायचं ह्यानं?" नातीने समजावून सांगितलं, की आज्जी, ह्याने पोटाची वळी धरायची आणि आकडा बघायचा. आईंनी चिमटा खाली ठेवला. "त्येला चिमटा कशाला पायजे? दिसतंय की."

आईंच्या म्हणण्यात शास्त्र नव्हतं असं नाही. म्हैस घेताना जाणता माणूस बाजारात तिची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडतो. कातडी पातळ आणि सैल लागली तर म्हैस दुधाची, असा ठोकताळा असतो. जनावरांचे डॉक्टरही कमरेवर आणि शेपटीच्या बुडाशी हात दाबून तिच्या अंगावर चरबी किती हे ठरवतात आणि १ ते ५ असे गुण देतात. म्हणजे चिमटीत धरून अंदाज बांधायची विद्या बावड्याला नवी नव्हती. ती माणसावर चालवायची, एवढंच नवं होतं.

मिस्त्रींना मात्र त्या प्लास्टिकचाच राग आला. ज्या माणसाने पंचवीस वर्षं व्हर्निअर हातात धरला, त्याला हे खेळणं काय सांगणार? त्यांचा व्हर्निअर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप दाखवतो. पिएर व्हर्निए नावाच्या फ्रेंच माणसाने १६३१ साली ती सरकती पट्टी काढली. आज उद्यमनगरात तिच्याशिवाय पान हलत नाही. जॉब तेवढ्या फरकानेही रिजेक्ट होतो. तेव्हा मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं जेवायला गेल्यावर, शटर अर्धं खाली ओढलं, शर्ट वर केला आणि पोटाची वळी व्हर्निअरच्या जबड्यात धरली.

४१.३६ मिलिमीटर.

समाधान वाटलं नाही म्हणून परत धरली. ३३.८२. परत धरली. २८.१४, आणि या खेपेस "आई गं" असा आवाजही आला. एकाच जॉबची तीन मापं तेरा मिलिमीटरच्या फरकाने आली, हे मिस्त्रींच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्यांनी व्हर्निअर पुसला, झिरो तपासला. यंत्र बरोबर होतं. चुकला होता तो जॉब.

मिस्त्रींनी व्हर्निअर आपटला नाही, इथेच त्यांचा मोठेपणा. त्यांच्या ध्यानात आलं, की लोखंड दाबलं तरी तेवढंच राहतं, चरबी दाबली की चपटते. जितका जोर, तितकं माप कमी. याचा अर्थ खरा प्रश्न माप घेण्याचा नाही, जोर सारखा ठेवण्याचा आहे. एका लेथवाल्याला दुपारच्या सुट्टीत जे सुचलं, नेमकी तीच अडचण लंडनच्या जेम्स टॅनर आणि व्हाइटहाउस यांनी १९५५ साली सोडवली होती. त्यांनी असा चिमटा बनवला, की जबडा कमी उघडा असो की जास्त, स्प्रिंगचा दाब दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम एवढाच राहावा. डायलवर ०.२ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. टॅनर तेव्हा हार्पेंडेन नावाच्या गावी, एका बालगृहातल्या मुलांची वाढ वर्षानुवर्षं मोजत होते, म्हणून चिमट्याचंही नाव पडलं हार्पेंडेन. गावाचं नाव वस्तूला चिकटलं की गाव मागे पडतं आणि वस्तू जगभर हिंडते, हे चपलेच्या बाबतीत कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही. प्रयोगशाळेतला हार्पेंडेन धातूचा असतो आणि महागही. घरी येतो तो प्लास्टिकचा, त्याचा गरीब चुलतभाऊ. दाब पुरेसा झाला की त्यातला एखादा 'कट्' असा आवाज करतो, बस्स.

तेव्हा मिस्त्री शरण आले. पण प्लास्टिकच्या चिमट्याची एक अट तक्त्यात लिहिलेली होती, आणि तिच्यापुढे व्हर्निअरची अडचण काहीच नव्हती : माप शक्यतो दुसऱ्याकडून घ्यावं.

आता दुसरं कोण? आई नको म्हणाल्या. मुलीला लाज वाटली. राहिली बायको. कोल्हापुरी नवरा बायकोसमोर जेवताना बसतो, चिडताना उभा राहतो, पण शर्ट वर करून पोट सैल सोडून स्तब्ध उभं राहणं, हे लग्नाच्या वीस वर्षांत कधी घडलेलं नसतं. त्यात तक्ता म्हणतो, आंघोळीनंतर लगेच नको, व्यायामानंतर नको, अंग कोरडं हवं, तेल लावलेलं नको. मिस्त्री रविवारी तेल लावून आंघोळ करतात, म्हणजे रविवार बाद. सोमवारी सकाळी, म्हशी पिळून झाल्यावर, स्वयंपाकघराच्या दारात कार्यक्रम झाला.

पुरुषाच्या तीन जागा ठरलेल्या आहेत. काखेच्या पुढच्या कडेपासून छातीकडे जाणारी तिरकी घडी, बेंबीच्या उजव्या बाजूला दोन सेंटिमीटरवर उभी घडी, आणि मांडीच्या समोर मध्यावर उभी घडी. बायकांच्या तीन जागा वेगळ्या : दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर आणि मांडी. सगळी मापं उजव्या अंगाला. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने घडी उचलून स्नायूपासून सुटी करायची, बोटांच्या एक सेंटिमीटर खाली चिमटा लावायचा, दोन सेकंद थांबून वाचायचं. जास्त थांबलं तर चरबी चपटत जाते आणि आकडा खाली सरकतो. प्रत्येक जागेचं माप दोनदा घ्यायचं.

"अहो, पोट सोडा."

"सोडलंय."

"कुठं सोडलंय? दगडासारखं लागतंय. श्वास घ्या बरं."

मिस्त्रींनी श्वास घेतला आणि तो परत दिला नाही. लोखंडाच्या जॉबला ही सोय नसते, तो चकमध्ये धरला की बिचारा जसा असतो तसा राहतो. माणूस मात्र माप घ्यायला कुणी वाकलं की आपोआप बारीक होतो. वहिनींनी वाट बघितली. श्वास किती वेळ धरणार? शेवटी तो सुटला, आणि त्याबरोबर जे काही पुढे आलं ते वहिनींनी चिमटीत धरलं. कट्.

छाती १७. पोट ३४. मांडी २४. बेरीज ७५.

पुढचं गणित मुलीने मोबाइलवर केलं. १९७८ साली जॅक्सन आणि पोलॉक या दोन अमेरिकनांनी बसवलेलं ते सूत्र. त्यात तीन घड्यांची बेरीज आणि वय घातलं की अंगाची घनता येते. मिस्त्रींची आली १.०४४८. मग सिरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ साली दिलेलं दुसरं सूत्र : ४९५ भागिले घनता, वजा ४५०. उत्तर २३.८ टक्के.

घरात शांतता पसरली. ती आईंनी मोडली. गोठ्यातून येताना त्यांच्या कानावर फक्त शेवटचा आकडा पडला होता.

"तेवीस? काय म्हन्तीस? आपल्या मुऱ्ह्याला आठच्या वर कवा लागली न्हाई." आणि त्यांनी पोराकडे बघितलं ते, खरं सांगायचं तर, थोड्या कौतुकानेच.

२३.८ टक्के म्हणजे सत्तर किलोत साडेसोळा किलोच्या वर चरबी. पंधरा किलोचा तेलाचा एक भरलेला डबा आणि वर दीड किलो सुटं, एवढं सामान मिस्त्री रोज बावड्याहून उद्यमनगरला नेतात आणि परत आणतात, भाडं न घेता. त्यांनी लगेच माप नाकारलं. सवयच ती, ग्राहकाने जॉब परत पाठवला की आधी त्याच्या मापावर शंका घ्यायची. या वेळी शंका खरीही निघाली. प्रत्येक घडी पाच मिलिमीटरने कमी धरली असती, तर बेरीज ६० आली असती आणि टक्केवारी १९.७. बोटाच्या चिमटीतल्या एवढ्याशा फरकाने माणूस चार टक्क्यांनी उतरतो. चार टक्के उतरवायला जिममध्ये महिने जातात. मिस्त्रींनी तिथल्या तिथे सुचवलं, की मग पाच-पाच मिलिमीटर कमीच धर. वहिनींनी चिमटा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

या सगळ्या गणिताच्या मुळाशी जे आहे ते दूध संस्थेतल्या माणसाला एका वाक्यात कळेल. दुधात लॅक्टोमीटर सोडतात तो घनता बघायला. दुधात फॅट हलकी, बाकीचं जड. अंगाचंही तसंच : चरबीची घनता ०.९, बाकी मांस-हाडं-पाणी मिळून १.१. माणसाला पाण्यात बुडवून तोलला की तो पाण्यात किती हलका होतो यावरून घनता कळते आणि घनतेवरून फॅट. आर्किमिडीजने राजाच्या मुकुटाचं जे केलं तेच. पण रोज माणसाला बुडवणार कोण? म्हणून आधी काहीशे माणसं बुडवून तोलली, त्यांच्याच वळ्या चिमट्याने मोजल्या, दोन्ही आकड्यांची सांगड घातली आणि पुढच्यांना कोरडं ठेवलं. चिमटा अंगातली सगळी चरबी मोजतच नाही, तो कातडीच्या घडीची जाडी मोजतो. बाकी सगळा उसना अंदाज. मिस्त्रींच्या अंगात काय आहे ते ठरवायला अमेरिकेतली अनोळखी माणसं टाकीत बुडी मारून आली होती. १९७४ साली डर्निन आणि वोमर्सली यांनी चार जागांचं दुसरं सूत्र बसवलं, ते ग्लासगोच्या ४८१ स्त्री-पुरुषांवरून. स्कॉटलंडच्या थंडीत वाढलेल्या कातडीचा हिशेब तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या कातडीला किती लागू पडतो, हा प्रश्न बाहेरून वाटतो तितका विनोदी नाही.

पाण्यात तोलायच्या या प्रकाराचा पहिला गाजलेला किस्सा पैलवानकीला जवळचा आहे. अमेरिकन नौदलाचे डॉक्टर आल्बर्ट बेंके यांनी १९४२ साली २५ धंदेवाईक फुटबॉलपटूंना पाण्यात तोललं. उंची-वजनाच्या सरकारी तक्त्याप्रमाणे त्यातले १७ जण लठ्ठ, लष्करात घ्यायला नालायक. पाण्यातला काटा म्हणाला, यांच्या अंगावर चरबी कमीच आहे, जे वजन आहे ते मांसाचं. म्हणजे गंगावेस तालमीत सव्वाशे किलोचा गडी बघून कुणी "जाड झालायस" म्हणत नाही, हे तालमीला जे आधीपासून माहीत होतं, त्यावर शास्त्राचा शिक्का बसला.

तालमीची मोजणी वेगळीच. वस्ताद पोराच्या मांडीवर थाप मारतो, मानगुटीला हात घालतो आणि मग ठरवतो, खुराक वाढवायचा की बैठका. शाहू महाराजांनी रोमचं रिंगण बघून आल्यावर खासबागचं मैदान बांधायला घेतलं आणि १९१२ साली ते पुरं झालं. तिथे शंभर वर्षं हजारो लोकांनी लांबून पैलवान बघून 'भरलाय' की 'सुटलाय' हे चिमट्याशिवाय सांगितलं. या दोन शब्दांतच सगळी बॉडी कंपोझिशन आली. भरलेला म्हणजे एसएनएफ वाढलेला, सुटलेला म्हणजे फॅट वाढलेली. आणि भरलेला पैलवान वजनाने मोठाच असतो असंही नाही. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोच्या गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. सत्तावन्न किलो! बावड्यातल्या लग्नात जेवायला बसलेल्यांत एवढ्या वजनाचा मोठा माणूस शोधावा लागेल.

मिस्त्रींना या सगळ्यातली एकच गोष्ट फार आवडली, आणि ती अमेरिकेतली होती. तिथल्या कॉलेजांच्या कुस्तीत खालचा गट मिळावा म्हणून पोरं अंगातलं पाणी आटवून वजन उतरवायची. १९९७ सालच्या अखेरीस तीन पैलवान त्यात दगावले. त्यानंतर नियम आला : पाच टक्क्यांखाली फॅट जाईल एवढं वजन उतरवायचं नाही. शाळकरी मुलांसाठी ही रेघ सात टक्क्यांवर आहे आणि मुलींसाठी बारा. ती तपासायला बहुतेक ठिकाणी हाच चिमटा वापरतात. म्हणजे जगात एक जागा अशी आहे, जिथे चिमटा लावून विचारतात, की बाबा, फॅट पुरेशी आहे ना? "बघ," मिस्त्री बायकोला म्हणाले, "तिथं मला डोळं झाकून घेतील."

चिमट्याची खरी करामत मात्र पुढच्या रविवारी झाली. सांगलीचा मेव्हणा आला.

मेव्हणा म्हणजे काठी. पतसंस्थेत कारकून, उंची मिस्त्रींएवढीच, वजन ५८ किलो. मनगटातून घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. त्याला बघून आई दर वेळी म्हणायच्या, "सांगलीत जेवाय घालत न्हाईत काय रं?" आणि त्याच्या ताटात आणखी दोन भाकऱ्या पडायच्या. तो आला, चिमटा बघितला आणि हसला. "दाजी, तुम्हाला लागंल हे. माझ्या अंगावर धरायला आहे काय?"

"बसा तर पाव्हणं," दाजी म्हणाले.

बहिणीने चिमटा धरला. मांडी २०, छाती १६. तोवर हसणं चालू होतं. मग शर्टाखालून, एरवी कुणाला न दिसणारं, पेटीच्या बुडासारखं लहानसं गोल पोट निघालं. ३६. दाजींपेक्षा दोन मिलिमीटर जास्त. बेरीज ७२, वय ४२, टक्केवारी २२.६. दाजींच्या अंगात जो तेलाचा डबा होता, जवळजवळ तसाच मेव्हण्याच्याही अंगात होता, फक्त त्याला वाहायला हमाल लहान मिळाला होता. मेव्हण्याने चिमट्याला नावं ठेवली, बहिणीच्या हाताला नावं ठेवली, आदल्या दिवशीच्या बासुंदीला नावं ठेवली.

हा मेव्हणा महाराष्ट्रात घरोघर आहे, आणि त्याचा शोध पुण्यात लागला. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बाळांची मापं घेत होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी त्यांनी तुलना केली. २००३ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं. हातपाय बारीक, पोट लहान, सगळं कमी. एकच माप त्यामानाने कमी नव्हतं : खांद्याच्या पात्याखाली चिमट्यात धरलेली घडी. आपलं लुकडं बाळ चरबी तेवढी राखून जन्माला येतं. आपण त्याला तेल लावतो, बाळसं धरत नाही म्हणून काळजी करतो, आणि ते पाठीमागे साठा करून बसलेलं असतं.

डॉ. याज्ञिकांनी पुढे जे केलं त्याला विनोदी लेखकही हात जोडेल. २००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. फॅट मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. खाली खुलासाही होता : युडकिन मॅरेथॉन धावतात, याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ते गाठणं. इतक्या मोठ्या मासिकात, इतक्या कमी जागेत, स्वतःच्या पोटाची इतकी उघड कबुली मराठी माणसाने दुसरी दिलेली नसावी. मेव्हण्याला हे वाचून दाखवलं तेव्हा त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. आपल्याबरोबर पुण्याचे एवढे मोठे डॉक्टर आहेत म्हटल्यावर त्याने तिसरी भाकरी घेतली.

चिमट्याला एक गोष्ट दिसत नाही, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. तो कातडीखालची चरबी धरतो. आतड्याभोवती, यकृतात जी बसलेली असते, तिच्यापर्यंत त्याचा जबडा पोचत नाही. आणि रक्तातली साखर बिघडवण्यात पुढाकार तिचाच असतो. काही पोटं नगाऱ्यासारखी टणक असतात, वर चिमटीत फारसं काही येत नाही. अशा माणसाला चिमटा शाबासकी देऊन मोकळा होतो. तिथे शिंप्याची टेप बरी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली, बाईची ८०च्या पुढे गेली, की डॉक्टरकडे जायचं. मात्र टेप बेंबीच्या पातळीला धरायची, पँट जिथे बसते तिथे नाही. चाळिशीनंतर कोल्हापुरी पँट पोटाच्या खाली स्वतंत्र संसार थाटते आणि तिचा नंबर वीस वर्षं बदलत नाही. पायाखाली ठेवायचे विजेचे काटेही आता घरोघर आलेत. ते अंगातून सौम्य करंट सोडून फॅट सांगतात, पण रात्री दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यालेल्या माणसाला एक आकडा आणि सकाळी उपाशीपोटी दुसरा, असा त्यांचा स्वभाव.

शेवटी मिस्त्रींच्या डोक्यातला लेथवालाच कामाला आला. माप खरं किती, हे सोडून द्यायचं. चिमटा तोच, हात तोच, जागा तीच, वेळ तीच ठेवायची आणि जॉब कुठल्या दिशेने सरकतोय ते बघायचं. वहिनींनी बॉलपेनने पोटावर, छातीवर आणि मांडीवर तीन बारीक फुल्या काढल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, म्हशी पिळून झाल्यावर, कट्, कट्, कट्. रात्रीचं जेवण आठला आलं, पांढरा रस्सा वाटीऐवजी चमच्यावर आला आणि मिस्त्री बावड्यातून उद्यमनगरला सायकलने जायला लागले. पहिल्या आठवड्यात वाटेत तीन जणांनी विचारलं, "गाडी बंद पडली काय?"

आकडे लिहायला हाताशी कागद हवा. वहिनींना सापडलं ते दुधाचं पुस्तक. तारीख, वार, फॅट, सगळे रकाने छापलेलेच होते. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं : २३.८. पुढच्या महिन्यात : २३.१. त्याच्या पुढच्या : २२.५.

दहा दिवसांचं बिल काढायला आई संस्थेत गेल्या, तेव्हा सचिवाच्या हातून पुस्तक शेवटच्या पानावर उघडलं. त्याने चष्मा वर केला, खाली केला, पान जवळ नेलं.

"मावशी, ही कुठली म्हस ओ? तेवीस फॅट?"

आई काही बोलल्या नाहीत. सचिवाने बोट खाली सरकवलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तीस वर्षं त्याने असा उतरता रकाना बघून एकच सल्ला दिला होता.

"पर फॅट उतराय लागल्या की. वाडं बंद करा, सरकी पेंड चालू करा. दोन म्हैन्यात परत वर येती का न्हाई बघा."

"नगं बाबा," आई म्हणाल्या, "म्हस न्हवं ती. रेडा हाय आमचा."